सतराची कॉर्विना

१

जयनं साडूच्या नाकावर टिच्चून घेतलेली गाडी रविवारी सकाळी सव्वानऊला, भर चौकात, त्याच साडूच्या डोळ्यांदेखत बंद पडली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, यंत्र आहे, बंद पडायचंच. जयचं तसं नव्हतं. गाडी बंद पडल्याचं दुःख त्याला चार आणे झालं आणि ते देवेशनं पाहिल्याचं बारा आणे.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली अलका जयची, धाकटी मृण्मयी देवेशची. दोन्ही जोडपी नोकरीपायी महाराष्ट्रातून म्हैसूरला आली आणि इथलीच झाली. चार महिन्यांपूर्वी दोघा साडूंनी एकाच आठवड्यात एकाच मॉडेलची, एकाच पांढऱ्या रंगाची जुनी सेडान घेतली होती: ऑटोमॅटिक कॉर्विना. जयची २०१७ ची. देवेशला त्याच्या गाडीचं वर्ष विचारलं की तो "तुमच्यासारखीच की" म्हणून हसायचा आणि विषय बदलायचा.

त्या सकाळी दोन्ही घरं मधूमामांकडे नाश्त्याला निघाली होती. पुढे जय, मागे देवेश. चौकात गिअर टाकल्यावर जयच्या गाडीनं एक आचका दिला, खालून खडखडली आणि जागीच थिजली. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. जयनं आरशात पाहिलं, तर देवेश बाह्या सरसावत धावत येत होता. त्याचं धावत येणंसुद्धा जयला टोचलं.

देवेशनं गाडी कडेला ढकलली. लष्कर मोहल्ल्यातल्या रक्षिताच्या गॅरेजला फोन लावला, टोइंगची गाडी बोलावली. मग म्हणाला, "जयदादा, तुम्ही माझ्या गाडीत बसा. एसी चालू आहे. ऊन फार आहे."

जय बसला. एसी थंडगार होता. आपल्या गाडीचा इतका थंड कधीच नव्हता, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. घाम पुसायला कागद हवा म्हणून त्यानं समोरचा कप्पा उघडला आणि कागदाऐवजी हाताला लागलं ते गाडीचं आरसी कार्ड. पाहू नये हे कळत होतं. पण तोवर पाहून झालं होतं.

निर्मिती: नोव्हेंबर २०१८.

जयनं खिशातून मोबाइल काढला आणि चार महिन्यांपूर्वीचा देवेशचा निरोप शोधला. शनिवारी सकाळी दहाला आलेला. "जयदादा, रक्षिताशी बोललो. कॉर्विना घ्यायची तर १७ ची किंवा १९ ची. १८ ची अजिबात नको, गिअरबॉक्स जातो. आणि घेण्याआधी गाडी तिला दाखवा."

अठराची अजिबात नको. असं आपल्याला लिहिणारा हा माणूस स्वतः अठराची घेऊन चार महिने लोण्यासारखी पळवतोय, आणि आपली सतराची गिअरबॉक्स जाऊन रस्त्यात मेली आहे.

२

मधूमामांच्या घरी इडल्या निवल्या आणि नाती तापली.

"उलटं लिहिलंस तू!" जय ओरडला. "चांगलं वर्ष स्वतःला ठेवलंस आणि सडकं माझ्या गळ्यात मारलंस. वर चार महिने वर्ष लपवलंस. लपवलंस की नाही?"

देवेशचा चेहरा पडला होता, पण तो एक अक्षर बोलला नाही. मृण्मयीनं मात्र हातातली बशी खाली ठेवली. "जीजू, शब्द मागे घ्या," ती म्हणाली. जयनं घेतला नाही. मग ती देवेशला घेऊन निघून गेली आणि जाताना बहिणीकडेही तिनं पाहिलं नाही.

घरी आल्यावर अलका सोफ्याच्या कडेवर टेकली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"या गावात माझं माहेर म्हणजे मृण्मयी," ती म्हणाली. "आईबाबा गेल्यावर दुसरं कोण आहे मला? रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येतो. आज येणार नाही. तुला गाडी दुरुस्त करून मिळेल रे. हे कोण दुरुस्त करणार?"

सात वाजले. फोन आला नाही. सव्वासातला अलका उठून उगाचच कपाट आवरायला लागली. जयला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण त्याच्या तळाशी देवेश अखेर सापडला याचं समाधानही होतं, ते काही जाईना. पंधरा वर्षं तो ज्याची वाट पाहत होता ते घडलं होतं. तो गुणी, हसरा, सगळ्यांचा लाडका साडू लबाड निघाला होता.

देवेशचं सगळंच जयला खुपायचं. वयानं सहा वर्षांनी लहान, पगारानं मोठा. त्याच्या बाल्कनीतली मोगऱ्याची झाडं जगायची, जयची मरायची. मधूमामा दोघींचे सख्खे मामा, दोन्ही लग्नं त्यांनीच जमवलेली, पण फोनवर जयशी दोन मिनिटं आणि देवेशशी वीस मिनिटं बोलायचे. जयनं ती मोजली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच दारात उभे राहिले. बहात्तर वर्षांचे, काटक, खिशाला भिंग अडकवलेलं. त्यांनी उभा जन्म विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात घालवला होता. कोण खरं बोलतं हे माणसाआधी ते पत्र्याला विचारायचे.

"जयराव," मामा म्हणाले, "दोन्ही भाच्या माझ्या आहेत. रात्रभर एक इथं रडली, एक तिथं. देवेश लबाड असेल तर ते मी सिद्ध करून देतो. नसेल तर तुम्ही त्याच्या दारात जाऊन तसं म्हणायचं. कबूल?"

"कबूल," जय लगेच म्हणाला. त्याला शंकाच नव्हती.

"मग सांगा. चूक तीन ठिकाणी होऊ शकते. रक्षितानं चुकीचं वर्ष सांगितलं, देवेशनं बरोबर ऐकून चुकीचं लिहिलं, किंवा गाडी विकणाऱ्या भीमसेननं कागद बदलले. तुम्ही घेण्याआधी ती रक्षिताला दाखवली होती ना? ती काय म्हणाली होती?"

जयनं चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"नाही दाखवली," तो म्हणाला.

३

रक्षिताचं गॅरेज लष्कर मोहल्ल्यात एका अरुंद बोळाच्या टोकाला होतं. घराणं जुन्या म्हैसूरकर मराठी रंगाऱ्यांचं. पणजोबा लुगडी रंगवायचे, आजोबा गुरुराव गाड्या रंगवता रंगवता मेकॅनिक झाले, आणि दोन वर्षांपूर्वी ते गेल्यावर अभियांत्रिकी शिकलेल्या नातीनं पाना हातात घेतला. जयची कॉर्विना पोट उघडं टाकून रॅम्पवर चढलेली होती.

"गिअरबॉक्स पूर्ण गेला, सार," रक्षिता हात पुसत म्हणाली. "मी देवेशसारना करेक्ट सांगितलेलं. सतरा, नाहीतर एकोणीस. अठरा बेडा, नकोच. तेच त्यांनी लिहिलं ना?"

जयनं निरोप दाखवला. तिनं मान हलवली. अक्षर न् अक्षर तेच होतं.

म्हणजे देवेशनं उलटं लिहिलं नव्हतं. जयला हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"तुला कसं कळलं, कुठलं वर्ष चांगलं ते?" मामांनी विचारलं.

"अज्जांची वही." तिनं फळीवरून लाल बासनात बांधलेली जाड वही काढली. "तीस वर्षं रॅम्पवर चढलेली हर एक गाडी ह्याच्यात आहे. मॉडेल, वर्ष, नंबर, काय मोडलं. अर्धा म्हैसूर जुनी गाडी घेताना ह्या वहीला विचारतो, सार. मीपण तेवढंच बघते. कॉर्विनाला सतराच्या पानावर चौदा गाड्या, एकालाही गिअरबॉक्सचा त्रास नाही. अठराच्या पानावर अकरा, त्यातल्या नऊ गेल्या. एकोणीस परत चांगलं."

मागच्या दारातून गंगाबाई, गुरुरावांच्या विधवा, ताकाचे पेले घेऊन आल्या. "बसा हं, कूतकोळ्ळी," त्यांनी जयला बाक दाखवला, आणि रॅम्पवरच्या गाडीकडे बघत हळहळल्या, "अय्यो पाप. किती पूजा झाल्या हिला?"

"कसल्या पूजा?" जय म्हणाला.

"आयुधपूजा हो. दसऱ्याची."

"मला काय माहीत? मी जुनी घेतलीय." जयला या घडीला देवधर्म नको होता. तो एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता आणि आपण फक्त पुराव्यावर चालतो असं त्याचं स्वतःविषयी मत होतं. मामा मात्र म्हातारीकडे क्षणभर पाहत राहिले. मग त्यांनी भिंग काढून वही पुढ्यात ओढली आणि एक-एक नंबर वाचायला लागले.

अठराच्या पानावर, वरून सातव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"जयराव, तुमच्या गाडीचा नंबर काय?"

"चार हजार चारशे एकाहत्तर."

मामांनी वही त्याच्याकडे फिरवली. गुरुरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ४४७१. पांढरी. गिअरला आचके.

त्याची सतराची गाडी अठराच्या पानावर होती.

४

"कागद बदलले!" मंडी मोहल्ल्याच्या वाटेवर रिक्षात जय म्हणाला. "भीमसेननं अठराची गाडी सतराची म्हणून विकली. आणि देवेशचं त्याच्याशी साटंलोटं असणार. नाहीतर त्याची अठराची बरी कशी निघाली?"

"तुम्हाला देवेश सुटलेला बघवत नाही," मामा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

भीमसेनच्या जुन्या गाड्यांच्या आवारात पंधरा-वीस गाड्या उन्हात चकाकत होत्या. तो स्वतः पन्नाशीचा, गुळगुळीत, कपाळावर गंध, सगळ्यांना सार म्हणणारा. कागद बदलल्याचा आरोप ऐकून त्यानं दोन्ही कान धरले.

"देवाशपथ सार, ह्या बाजारात तीस वर्षं बसलोय. रंग मारतो, खरं आहे, सगळे मारतात. सीट बदलतो. पण वर्ष बदलायचं म्हणजे जेल. चॅसिसवर वर्ष असतं. बघून घ्या."

"बघणार आहोतच," मामा म्हणाले. "तोवर एक सांगा. ती गाडी तुमच्याकडे किती दिवस होती?"

"पाच-सहा दिवस."

"कॉर्विना, चांगल्या वर्षाची, कमी पळालेली. अशी गाडी तुमच्याकडे सहा दिवस कुणी उचलली नाही?"

भीमसेननं गंध पुसलं जाईल इतक्या जोरात कपाळ चोळलं.

"तुम्ही आलात तो शनिवार ना, सार?" तो जयला म्हणाला. "दुपारचे तीन. तुम्ही आल्याबरोबर म्हणालात, मला आजच्या आज हवी, उद्या माझा साडू बघायला येणार आहे. आठवतं?"

जयच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठवत होतं. शनिवारी दुपारी जेवताना अलका सहज बोलली होती की देवेश उद्या भीमसेनकडे एक कॉर्विना बघणार आहे, मृण्मयी म्हणत होती. जय हात धुऊन तडक इथं आला होता. रक्षिताकडे गाडी नेली तर दोन तास जातील, तिथं देवेश भेटेल, गाडी हातची जाईल, या भीतीनं त्यानं ती दाखवली नाही. कारखान्यात तो एक बोल्टसुद्धा तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे.

"आठवतं," तो म्हणाला. "मग?"

"मग काही नाही." भीमसेन उठून उभा राहिला. "त्या गाडीची एक गोष्ट आहे सार. ती मी नाही सांगणार. एकाला शब्द दिलाय."

"कुणाला?" मामांनी विचारलं.

भीमसेनचे डोळे जयवर होते, आणि त्यात चोराची भीती नव्हती. कीव होती.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅसिसवरचा पत्रा मामांनी स्वतः घासून पाहिला. आधी ओल्या फडक्यानं, मग भिंगानं, मग बोटाच्या टोकानं. रक्षितानं दिवा धरला होता.

"खोडाखोड नाही," मामा उठत म्हणाले. "मूळचा छाप. नोव्हेंबर २०१७. कागद खरे, भीमसेन खरा."

"मग अज्जा खोटे?" रक्षिता दुखावून म्हणाली. "त्यांनी एक गाडी चुकीच्या पानावर लिहिली नाही कधी."

"एक नाही लिहिली," मामा म्हणाले. "बघू. देवेशची गाडी तू तपासलीस तेव्हा वहीत शोधली होतीस?"

"हौदु. अठराच्या पानावर. नंबर नव्हता तिथं. म्हणून वाटलं, आमच्या रॅम्पवर कधी आलीच नाही. मी त्यांना अठरा नको म्हणून किती सांगितलं. पण गाडी चालवून बघितली, सगळं उघडून बघितलं, आणि एक पण फॉल्ट मिळाला नाही. मग घ्या म्हटलं."

"सहा हजार दोनशे आठ," मामांनी नंबर सांगितला. "आता एकोणीसच्या पानावर बघ."

रक्षितानं पान उलटलं. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर जाऊन थबकलं. ६२०८ तिथं होती.

"म्हणजे माझी एक वर्ष पुढे, त्याचीही एक वर्ष पुढे," जय म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आरोप नव्हता. "गुरुराव सगळीच वर्षं एकानं वाढवून लिहायचे?"

"सगळी असतील तर सोपं आहे. पण मला तसं वाटत नाही. रक्षिता, ह्या पानांवरच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना फोन कर. गाडी कुठल्या महिन्यात बनली तेवढंच विचार."

रक्षिता फोन करत गेली आणि मामा वहीच्या कडेला पेन्सिलीनं महिने लिहीत गेले. फेब्रुवारी सतराची गाडी सतराच्याच पानावर होती. ऑगस्ट सतराचीही. ऑक्टोबर सतराची मात्र अठराच्या पानावर गेलेली. डिसेंबर सतराची अठरावर. मे अठराची अठरावर, जागच्या जागी. डिसेंबर अठराची एकोणीसवर.

मामांनी पेन्सिल खाली ठेवली. "नववा महिना संपेपर्यंत वही आणि कागद एकमेकांशी जुळतात. पुढे सुटतात. दर वर्षी तिथंच. ऑक्टोबरच्या आसपास या गावात काय होतं?"

म्हैसूरमध्ये हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडत नाही. जय मागे वळला. गंगाबाई दारात उभ्या होत्या.

"गंगाबाई," मामा हात जोडून म्हणाले, "काल तुम्ही विचारलंत, हिला किती पूजा झाल्या. ते का विचारलंत?"

"वय कळायला हो." म्हातारीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आमचे हे तसंच विचारायचे. माणूस गाडी घेऊन आला की पहिला प्रश्न, हिला पहिली आयुधपूजा कुठल्या साली लागली? तेच तिचं वर्ष. पूजा लागेपर्यंत गाडी म्हणजे नुसतं लोखंड, असं म्हणायचे. आमच्या सासऱ्यांच्या रंगाच्या कढया होत्या ना, त्यांचीपण तशीच मोजायची. दसरा उलटल्यावर आलेली वस्तू पुढच्या सालाची. अष्टे, एवढंच."

"अज्जी, हे मला कधी का नाही सांगितलं?" रक्षिता ओरडलीच.

"तू विचारलंस कुठं? तू कागद वाचतेस."

मग मामांनी सगळं उलगडून सांगितलं. कंपनीनं नवा गिअरबॉक्स आणला तो सतराच्या दसऱ्याच्या सुमारास, आणि सुधारला तो पुढच्या दसऱ्याच्या सुमारास. वाईट गाड्या त्या मधल्या बारा महिन्यांच्या. गुरुरावांच्या हिशेबानं ते एकच, नेमकं वर्ष होतं, अठरा. कागदाच्या हिशेबानं त्याचे दोन तुकडे पडले. जयची नोव्हेंबर सतराची गाडी गुरुरावांची अठराची होती, नासकी. देवेशची नोव्हेंबर अठराची म्हणजे गुरुरावांची एकोणीसची, उत्तम. रक्षितानं वही खरी वाचली, देवेशनं खरं लिहिलं, भीमसेननं खरी गाडी विकली.

"कुणी कुणाला फसवलं नाही, जयराव," मामा म्हणाले. "गाडी ह्या रॅम्पवर एकदा चढली असती, तर तिचे आचके त्याच दिवशी कळले असते."

जयनं मान खाली घातली. पण एक काटा अजून रुतून होता आणि तो त्याला सोडवेना.

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण त्याला तर हे काही माहीत नव्हतं ना? त्याच्या समजुतीनं अठरा म्हणजे वाईट वर्ष. मग शहाणा माणूस वाईट वर्षाची गाडी कशाला घेईल? आणि वर्ष कशाला लपवेल?"

"हाच खरा प्रश्न," मामा म्हणाले. "उत्तर तुम्हाला आवडणार नाही."

६

मामांनी भीमसेनला फोन लावून आवाज मोठा केला.

"भीमसेन, तुम्ही शब्द पाळा. मी सांगतो, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. ती सतराची कॉर्विना आधी देवेशनं धरून ठेवली होती. सहा दिवस."

पलीकडून आवाज आला, "हौदु."

"शनिवारी सकाळी तो आला आणि म्हणाला, मी सोडतो. दुपारी माझे साडू येतील, त्यांना द्या. माझं नाव काढू नका."

"हौदु सार. मी म्हटलं, असं का हो, सतराची दुसरी गावात नाही. तर म्हणाले, मला ती अठराची चालेल. मला वाटलं हे साडू म्हणजे कुणी फार मोठा माणूस असणार."

मामांनी फोन ठेवला. "त्याचा निरोप तुम्हाला दहाला आला. दुपारी मृण्मयीनं अलकाला सहज सांगितलं की देवेश उद्या गाडी बघणार आहे. तीनला तुम्ही भीमसेनच्या दारात होतात."

जय बाकावर बसून राहिला. गंगाबाईंनी पुन्हा ताक आणलं, ते त्यानं घेतलं नाही. त्याला वाटत होतं आपण धावत जाऊन गाडी पटकावली. खरं म्हणजे त्याला ती हातात आणून दिली होती, आणि धावल्याशिवाय तो ती घेणार नाही हे ओळखून धावायलाही लावलं होतं.

संध्याकाळी अलकाला घेऊन तो देवेशच्या घरी गेला. दार मृण्मयीनं उघडलं. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या. जय बाल्कनीत गेला. देवेश मोगऱ्याला पाणी घालत होता.

"चुकलो मी," जय म्हणाला. त्यानं वाटेत याहून मोठं वाक्य तयार केलं होतं, ते आठवेना.

"अहो, मीच चोरट्यासारखा झालो होतो," देवेश म्हणाला. "मला वाटलं, मी चांगली म्हणून दिली आणि सडकी निघाली. कुठल्या तोंडानं बोलू?"

"पण सोडलीस का ती? मी मागितली नव्हती."

देवेशनं झारी खाली ठेवली. खोटं बोलावं की नाही, याचा तो विचार करत असावा.

"जयदादा, माझ्याकडे सतराची आणि तुमच्याकडे अठराची असती, तर तुम्ही आमच्याकडे येणं टाकलं असतं. मागं मी हे घर घेतलं तेव्हा आठ महिने नव्हता आलात. तुम्ही नाही आलात की ताईचंही येणं कमी होतं. मग मृण्मयी रात्री झोपत नाही. एका गाडीपायी कशाला?"

जय कठडा धरून उभा राहिला. पंधरा वर्षं त्यानं आपला हेवा हसण्याखाली दाबून ठेवला होता. अभिनंदनं केली होती, पेढे खाल्ले होते, पाठ थोपटली होती. आपल्या पोटातलं कुणाला कळत नाही याचा त्याला थोडा अभिमानच होता. आणि हे सगळे त्याला आरपार बघत होते, त्याच्या हेव्याला वळसा घालून जगत होते.

परतताना रिक्षात अलका शेजारी बसली होती. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा निवळला होता.

"आणखी काय काय लपवलंय तुम्ही माझ्यापासून?" त्यानं विचारलं.

"सोड ना आता."

"सांग. खरंच सांग."

अलकानं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आजाऱ्याला कडू औषध झेपेल का हे बघावं तसं.

"देवेशची पुण्याला बदली झालीय. मोठ्या पदावर. मृण्मयी जाणार. तिनं मला तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं." तिचा आवाज बारीक झाला. "तुला कसं सांगावं कळत नव्हतं. तू पुन्हा कुढत बसला असतास. म्हणून मी एकटीच, तू ऑफिसला गेल्यावर..."

जयच्या ओठांवर प्रश्न आला होता. तो त्याला स्पष्ट ऐकू आला: पद कुठलं? अलका त्याच्याकडेच बघत होती, आणि तो प्रश्न तिलाही ऐकू आला असावा, कारण तिनं हळूच मान फिरवून रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली.

जयनं तो गिळला. सहजासहजी गिळला गेला नाही.

"कधी जाणार ती?" त्यानं विचारलं.

"पुढच्या महिन्यात. वीस तारखेला."

"मग तोवर तू रोज जा तिच्याकडे," जय म्हणाला. "मी सोडत जाईन रिक्षानं."

अलकानं त्याचा हात धरला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याच्यादेखत रडायला लागली.